एक्स्प्रेस पासचा आकडा पाटीवर लिहा

प्रति,
इंडियन असोसिएशन ऑफ अम्युझमेंट पार्क्स अँड इंडस्ट्रीज,
तसंच महाराष्ट्रातल्या थीम पार्क आणि वॉटर पार्कांचे संचालक व राइड-संचालन प्रमुख

सप्रेम नमस्कार.

रोलर कोस्टरच्या स्टेशनचा शेवटचा जिना चढण्याआधी दोन रांगा एक होतात. एका बाजूला नेहमीची रांग, दुसऱ्या बाजूला जादा पैसे भरून एक्स्प्रेस पास घेतलेल्यांची. मध्ये साखळी हातात धरून वीस-बावीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी उभी असते. धंद्यात या जागेला मर्ज म्हणतात. कुठल्या बाजूचे किती सोडायचे हे तिथे, त्या क्षणी, त्या साखळीवर ठरतं. उन्हात तासभर उभ्या असलेल्या माणसाला त्या साखळीमागचा हिशेब कुठेही वाचायला मिळत नाही. हे पत्र त्या हिशेबाबद्दल आहे.

राइड चालवणं, रांगा मोजणं, पासांची संख्या ठरवणं ही कामं जवळून जाणणारे आम्ही काही जण हे लिहीत आहोत. पास बंदच करा, असं आमचं म्हणणं नाही. मोठ्या राइडचा खर्च कोट्यवधींचा असतो, पावसाळ्याचे महिने मंदीचे जातात, आणि पासाच्या उत्पन्नामुळे साधं तिकीट थोडं आवाक्यात राहतं हेही आम्ही मानतो. मात्र पास किती विकायचे, मर्जवर किती सोडायचे आणि राइड बंद पडली तर काय करायचं, याला लेखी मर्यादा हवी आणि ती ग्राहकाला दिसायला हवी. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं, २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका. राइडची रांग मराठी घरांना आता नवी राहिलेली नाही. त्या रांगेतला वेळ कोण कुणाला विकतं हे त्यांना कळायला हवं.

आधी राइड म्हणजे तासाला किती माणसं, ते पाहू. २८ सीटांची ट्रेन धरा, चार-चारच्या सात ओळी. ट्रॅकवर अशा दोन ट्रेन आहेत आणि एक फेरी दोन मिनिटांची आहे. स्टेशनात उतरणं, चढणं आणि लॅप बार (मांडीवर येणारा सुरक्षेचा दांडा) तपासणं ६० सेकंदांत झालं तर दर ९० सेकंदांनी ट्रेन सुटते, म्हणजे तासाला ४० फेऱ्या. प्रत्येक सीट मात्र भरत नाही. तिघांचं कुटुंब चारच्या ओळीत बसतं आणि एक जागा रिकामी जाते. ट्रेनमागे सरासरी २५ माणसं धरली तर तासाला १,००० होतात. तेच काम १२० सेकंद चाललं तर ट्रेन दर दोन मिनिटांनी सुटते, ३० फेऱ्या, ७५० माणसं. १५० सेकंद लागले तर २४ फेऱ्या आणि ६०० माणसं. शिवाय मागची ट्रेन स्टेशनबाहेर ब्रेकवर येऊन अर्धा मिनिट नुसती उभी राहते, आत बसलेल्या माणसांसकट. आपल्या ऑपरेटरांना हे स्टॅकिंग दिवसातून कितीदा होतं ते विचारा.

आता यातून एक्स्प्रेसचे लोक वजा करा. राइड तासाला १,००० घेते आहे आणि नेहमीच्या रांगेत ७०० माणसं आहेत. एक्स्प्रेस नसेल तर शेवटच्या माणसाला ४२ मिनिटं लागतील. एक्स्प्रेसला तासाला २०० जागा दिल्या तर त्याची साडेबावन्न मिनिटं होतात. ३०० दिल्या तर एक तास. ५०० दिल्या तर ८४ मिनिटं. ७०० दिल्या तर दोन तास वीस मिनिटं. आकड्यांची ही चाल ध्यानात घ्या: पहिल्या २०० जागांनी साडेदहा मिनिटं वाढली, आणि ५०० वरून ७०० वर जाताना तेवढ्याच २०० जागांनी ५६ मिनिटं वाढली. भरल्या गाड्याला सूप जड नाही म्हणतात, पण रांगेच्या बाबतीत गाडा जितका भरलेला तितकं प्रत्येक पुढचं सूप जड होत जातं. सोमवारी निर्धास्त विकलेले पास दिवाळीच्या सुट्टीतल्या रविवारी रांग ठप्प करतात ते यामुळे.

यावर हमखास मिळणारं उत्तर असं: पासवाले पास नसता तरी रांगेत आलेच असते, मग वाढलं काय? यात निम्मं तथ्य आहे. दहा जण रांगेत आहेत आणि प्रत्येकाला एक मिनिट लागतं असं समजा. शेवटच्याला पुढे आणून उभं केलं तर त्याची नऊ मिनिटं वाचतात आणि उरलेल्या नऊ जणांचं प्रत्येकी एक मिनिट जातं. बेरीज शून्य. रांगांच्या गणितात हा क्रम बदलण्याचा नियम १९६० च्या दशकात अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ लिओनार्ड क्लाइनरॉक यांनी पद्धतशीर मांडला. क्रम बदलून एकूण वाट पाहणं कमी होत नाही, ते फक्त एकाच्या ताटातून दुसऱ्याच्या ताटात जातं. पण तोच माणूस राइड संपवून पुन्हा पुढे येऊन उभा राहिला तर? आता त्याचं काहीच वाचत नाही, कारण पास नसता तर तो दुसऱ्यांदा आलाच नसता. मागच्यांचं मात्र प्रत्येकी आणखी एक मिनिट गेलं. हा निव्वळ तोटा आहे. त्यामुळे 'प्रत्येक राइड एकदा' आणि 'कितीही वेळा' हे दोन पास दिसायला शेजारी असले तरी रांगेवरचा त्यांचा परिणाम वेगळा असतो. युनिव्हर्सल स्टुडिओज सिंगापूरमध्ये दोन्ही प्रकार विकले जातात आणि सहलीच्या पॅकेजमधून गेलेल्या आपल्याकडच्या अनेकांनी ते पाहिलेही असतील. आपल्याकडे गर्दीच्या दिवशी 'कितीही वेळा' वाला पास विकूच नये, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

मर्यादा किती हवी? आमच्या मते राइडच्या त्या-त्या तासाच्या प्रत्यक्ष क्षमतेच्या २० टक्के. २५ माणसांच्या फेरीत पाच एक्स्प्रेसचे, वीस नेहमीचे. २५ टक्क्यांपर्यंत समजू शकतो, त्यापुढे नाही. इथे 'प्रत्यक्ष' हा शब्द महत्त्वाचा आहे. सकाळी तासाला १,००० घेणारी राइड दुपारी एक ऑपरेटर जेवायला गेल्यावर ६०० वर आली आणि एक्स्प्रेसचे ३०० तसेच चालू राहिले, तर नेहमीच्या रांगेला उरतात ३००. क्षमता ४० टक्क्यांनी घटली, पण नेहमीच्या रांगेचा वेग ७०० वरून ३०० वर आला. सगळी घट एकाच बाजूने सोसली. ठराविक आकडा धरला की असं होतं, टक्केवारी धरली की घट दोघांत वाटली जाते.

आणि हे अंदाजाने होत नाही. मर्जवरच्या माणसाच्या दोन हातांत दोन काउंटर द्या, बटण दाबून मोजायचे, दुकानात सहज मिळतात ते. एक एक्स्प्रेससाठी, एक नेहमीच्या रांगेसाठी. स्टेशनातला ऑपरेटर फेऱ्या आणि रिकाम्या सीटा मोजेल. दर तासाला चार आकडे वहीत: एक्स्प्रेस, नेहमीचे, फेऱ्या, रिकाम्या सीटा. यावरून संध्याकाळी दहा मिनिटांत पूर्ण दिवस डोळ्यांसमोर उभा राहतो.

मर्यादा मोडते कशी, तेही सांगतो, कारण ती वाईट हेतूने क्वचितच मोडते. एक्स्प्रेसच्या बाजूला वीस-पंचवीस माणसं साचतात. त्यातला एक जण आवाज चढवतो: पैसे भरलेत, मग उभं कशाला करता? कुणीतरी गेस्ट रिलेशन्सच्या खिडकीवर जातं. तिथून सुपरवायझरला फोन, सुपरवायझरकडून वॉकीटॉकीवर निरोप: एक्स्प्रेस क्लिअर कर. साखळीवरचा मुलगा एका फेरीत सगळे पासवाले बसवतो. नेहमीच्या रांगेतले लोक ते बघतात आणि दोन मिनिटांत रेलिंगखालून पहिली उडी पडते. मग 'आमचा माणूस पुढे उभा आहे' म्हणत दहा जणांचा घोळका पुढे घुसतो. त्या मुलाच्या हातात लेखी नियम असता, पाठीमागे पाटी असती, तर तो पाटीकडे बोट दाखवून उभा राहू शकला असता. कंत्राटी पगारावर उभ्या असलेल्या पोराला रोज दोन्ही बाजूंच्या शिव्या खायला लावण्यापेक्षा नियमाची जबाबदारी व्यवस्थापनाने स्वतःच्या सहीने घ्यावी.

पास किती विकायचे याचा हिशेब पुष्कळ ठिकाणी मोठ्या राइडवरून केला जातो, आणि घोळ तिथेच होतो. तासाला १,००० घेणाऱ्या कोस्टरवर २० टक्के म्हणजे २००. आठ तासांत १,६००. म्हणून १,५०० पास विकायला हरकत नाही असं वाटतं. पण त्याच पार्कात एखादा ड्रॉप टॉवर (उंचावर नेऊन सीटा खाली सोडणारा मनोरा) असतो, तासाला ४०० घेणारा, आणि तो सगळ्यांना हवा असतो. तिथे २० टक्के म्हणजे ८०. शिवाय पासवाले आठ तासांत सारखे पसरत नाहीत, साधारण ६० टक्के लोक मधल्या चार तासांत येतात असं धरून चाला. चार तासांत ८० च्या हिशेबाने ३२० जागा. दहापैकी आठ पासवाले टॉवरवर येणार असतील, तर ३२० भागिले ०.६ भागिले ०.८, म्हणजे सुमारे ६६५ पास. पाऊस आणि बिघाडासाठी दहा टक्के बाजूला ठेवले की उरतात ६००. दीड हजार कुठे आणि सहाशे कुठे! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तेव्हा एकतर सहाशे विका, किंवा टॉवर पासातून वगळा, किंवा टॉवरसाठी पासावर तासाची वेळ छापा. तिरुपतीला ३०० रुपयांच्या शीघ्र दर्शनाच्या तिकिटावर वेळ छापलेली असते. वशिला आणि पैसा यांवरून देवळाच्या रांगेत होणारा वाद वेगळा ठेवला, तरी ठराविक वेळेला ठराविक माणसं ही शिस्त त्यातून उचलण्यासारखी आहे.

वॉटर पार्कबद्दल थोडक्यात पण ठाम: स्लाइडच्या टॉवरवर एक्स्प्रेस नकोच. दोन माणसांची ट्यूब दर ३० सेकंदांनी सोडली तर तासाला २४० माणसं होतात, २० टक्के म्हणजे ४८. पास घेतलेला बारा जणांचा एक ग्रुप आला की पाव तासाचा कोटा संपला. वर जायला एकच ओला जिना असतो, त्यावरून एकाने दुसऱ्याला ओलांडून जाणं धोक्याचं आहे. आणि खालचा जीवरक्षक हात वर करेपर्यंत पुढची ट्यूब सुटत नाही, सुटूही नये. तिथे घाई विकायचीच नसते. रांग कमी करायची असेल तर ट्यूब वाढवा आणि त्या वर नेणारा पट्टा चालू ठेवा. बऱ्याचदा माणसं टॉवरवर रांगेसाठी थांबलेली नसतात, ट्यूबसाठी थांबलेली असतात.

पावसाचं गणित आपल्याकडे विशेष लागू पडतं. वीज चमकली की उघड्यावरचा कोस्टर थांबतो. समजा पाऊण तास बंद राहिला. तासाला ३०० पासवाले येत असतील तर तेवढ्या वेळात २२५ साचतात. सुरू झाल्यावर सगळ्यांना आधी सोडायचं म्हणून तासाच्या १,००० जागांपैकी ८०० एक्स्प्रेसला दिल्या, तरी नवे ३०० येतच असतात, म्हणजे साचलेले तासाला ५०० च्या वेगाने कमी होतात. २७ मिनिटं लागतात. त्या २७ मिनिटांत नेहमीच्या रांगेतून फक्त ९० माणसं पुढे सरकतात, आणि हीच माणसं पाऊण तास तिथेच छत्र्या धरून उभी होती. बिघाडानंतर सगळ्यात जास्त भांडणं का होतात याचं उत्तर या दोन ओळींत आहे. आमची सूचना: सुरू झाल्यावर पहिला तासभरही मर्यादा २० टक्केच. पाऊण तासात ज्यांची पाळी हुकली त्यांच्या पासावर शिक्का मारून त्यांना दिवसभरात कधीही, किंवा दुसऱ्या राइडवर, तो वापरू द्या. आणि दिवस संपेपर्यंत पासातल्या आठपैकी दोन राइड मिळाल्याच नाहीत, तर पासाच्या किमतीचा चौथा हिस्सा पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यावर परत करा, न मागता. काउंटरवर अर्ज भरून घेऊ नका.

आता आमचा मुख्य आक्षेप. पास विकणारा आणि रांग चालवणारा एकच आहे. रांग जितकी लांब, तितका पास खपतो. यामुळे लोडिंग सुधारायची घाई कुणालाच राहत नाही, आणि हे कुणाच्याही मनात खोट नसताना घडतं. वर दिलेलाच हिशेब परत पाहा: लोडिंग १२० सेकंदांवरून ६० वर आणलं तर तासाला २५० माणसं वाढतात. २० टक्क्यांच्या कोट्यापेक्षा हे जास्त आहे. म्हणजे एक्स्प्रेससाठी लागणाऱ्या जागा नेहमीच्या रांगेतून न काढता स्टेशनातच तयार करता येतात.

त्यासाठी काय लागतं? उंचीची पट्टी रांगेच्या तोंडाशी लावा आणि मोजलेल्या मुलाच्या मनगटावर रंगीत पट्टी बांधा. आज अनेकदा मूल सीटवर बसल्यावर कळतं की उंची दोन बोटं कमी आहे. मग मुलाचं रडणं, आईची समजूत, बापाचा वाद, आणि २५ जणांची ट्रेन मिनिटभर अडकते. चष्मे, मोबाइल, चपला ठेवायचे कप्पे फलाटाच्या उतरायच्या बाजूला हवेत, म्हणजे चढणारा आपलं सामान ठेवायला उतरणाऱ्याच्या वाटेत येत नाही. सात ओळींच्या ट्रेनला बार तपासायला दोन्ही बाजूंना माणूस हवा. एकच माणूस असला की तो चौदा वेळा वाकतो आणि ट्रेनला पूर्ण वळसा घालतो. दोघे असले की प्रत्येक जण सात ओळींची एक बाजू पाहतो आणि अंगठा वर करतो. तपासणीत एक सेकंदही कापायचा नाही. कापायचे ते चालण्याचे आणि वादाचे सेकंद. गर्दीच्या तीस-चाळीस दिवसांपुरता फलाटावर एक जादा माणूस, याचा खर्च पासाच्या उत्पन्नातून सहज निघतो. ते उत्पन्न तिथे जाऊ द्या.

दुसरा फुकटचा उपाय म्हणजे एकट्यांची रांग. ट्रेनमागे तीन सीटा रिकाम्या जात असतील तर तासाला १२०. जो मित्रांपासून वेगळा बसायला तयार आहे त्याला या सीटांवर बसवा. यात कुणाचाही वेळ जात नाही, कारण ती सीट नाहीतर रिकामीच फिरली असती. आपल्याकडे लोक दहा-बाराच्या घोळक्याने येतात म्हणून हे चालणार नाही असं म्हटलं जातं. पण कॉलेजची मुलं तिसऱ्या फेरीला एकटी जायला आनंदाने तयार होतात. रांग दिसली की ती आपोआप भरते.

तसंच मूल सांभाळण्याची अदलाबदल. आई राइडला, बाप बाळाला घेऊन बाहेर, नंतर बापाने पुन्हा पूर्ण रांग लावायची हे अन्यायाचं आहे. उतरताना आईला एक चिठ्ठी द्या, त्यावर बाप एक्स्प्रेसच्या बाजूने जाईल, फुकट. आजी-आजोबा सोबत असलेल्या आपल्या कुटुंबांत याची गरज परदेशापेक्षा कमी पडेल, पण जिथे पडते तिथे फार पडते.

अपंग व्यक्तींचा प्रश्न याहून नाजूक आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात मनोरंजनात इतरांच्या बरोबरीने सहभागी होण्याचा हक्क नमूद आहे. ज्याला रांगेत उभं राहता येत नाही, त्याला पास विकत घ्यायला सांगणं म्हणजे अपंगत्वावर कर लावणं. त्याला फलाटावरून वेळेची चिठ्ठी द्या: आत्ता रांग ५० मिनिटांची आहे, तुम्ही ५० मिनिटांनी या, तोवर सावलीत बसा. तो कुणाच्याही पुढे गेला नाही, त्याने फक्त उभं राहण्याऐवजी बसून वाट पाहिली. ही संख्या विकलेल्या पासांच्या २० टक्क्यांत मोजू नका. स्वमग्न मुलाचं अपंगत्व दिसत नाही. त्याच्या आईला भर रांगेत 'याला काय झालंय?' असं विचारू नका. चौकशी प्रवेशद्वाराजवळच्या खोलीत एकदाच व्हावी. अमेरिकेत डिस्नेने २०२४ साली आपल्या अशा सवलतीचे निकष कडक केले, कारण गैरवापर वाढला होता, आणि त्याचा फटका खऱ्या गरजूंनाही बसला. एकेकाळी फुकट मिळणारी वाट विकायला लागलं की सवलतीच्या चिठ्ठीलाही बाजारभाव येतो, हे त्यातून दिसतं.

डिस्नेचं उदाहरण आलंच आहे तर त्याची पुढची वाटचालही पाहा, कारण आपल्याकडे सादरीकरणांत तीच आदर्श म्हणून दाखवली जाते. १९९९ साली त्यांनी फास्टपास सुरू केला. यंत्रात तिकीट घालायचं, तासाभराची वेळ छापलेली चिठ्ठी यायची. फुकट, आणि सगळ्यांना सारखी. २०२१ च्या ऑक्टोबरात फ्लोरिडात त्याच्या जागी दिवसाला १५ डॉलरची जिनी प्लस आली. २०२३ च्या वर्षअखेरीस मॅजिक किंग्डममध्ये तिचा दर ३९ डॉलरवर गेला. २०२४ साली नावं बदलली आणि ऑक्टोबरात प्रीमियर पास आला, १२९ ते ४४९ डॉलर, माणशी, एका दिवसाला. पंचवीस वर्षांत फुकटपासून इथवर. उलट टोकियोच्या डिस्नेत २०२२ साली पैशाचा प्रीमियर ॲक्सेस आला, तरी २०२३ साली दुसऱ्या काही राइडसाठी फुकट प्रायॉरिटी पास सुरू केला गेला. दोन्ही वाटा आपल्यासमोर आहेत. इमॅजिका एक्स्प्रेस किंवा वंडरलाचा फास्टट्रॅक अशा नावांनी आपल्याकडे पास रुळत आहेत. दर आणि नियम ठरवायची हीच वेळ आहे, सवय मुरल्यावर मागे येणं जड जातं.

कुणी म्हणेल, मग जादा पैसे देणाऱ्याला काय द्यायचं? सकाळचा तास द्या. पार्क अकराला उघडत असेल तर तीन मोठ्या राइड दहाला सुरू करा आणि त्या तासाचं वेगळं तिकीट लावा. त्या तासातल्या जागा नव्याने तयार झालेल्या असतात, कुणाच्या वाट्यातून आलेल्या नसतात. तपासणी पथकाला एक तास आधी यावं लागेल, आणि रोजची सकाळची तपासणी व रिकामी फेरी झाल्याशिवाय ट्रेन सोडायची नाही, एवढी अट. हे उत्पन्न घेताना कुणाच्याही नजरेला नजर द्यायला संकोच वाटणार नाही.

विक्रीच्या पडद्याबद्दलही बोलायला हवं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नविषयी, म्हणजे ऑनलाइन विक्रीत ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीविषयी, मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यात १३ प्रकार आहेत. तिकीट घेताना एक्स्प्रेसच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण असणं, 'फक्त ५ पास शिल्लक' असं खरं नसताना झळकवणं, तिकिटाचा दर एक दाखवून शेवटच्या पानावर लॉकर आणि शुल्क जोडत जाणं, 'नको, मला रांगेतच उभं राहायचंय' असं ग्राहकाला खजील करणारं बटण, हे सगळे प्रकार त्या यादीत बसतात. आपली वेबसाइट एकदा या यादीसमोर ठेवून तपासा. आणि पासावर मराठीत लिहा: कुठल्या राइड, प्रत्येकी किती वेळा, बंद पडल्यास काय.

फलकावरचा वेळ हा शेवटचा, आणि आमच्या मते सर्वांत आधी सुधारण्यासारखा मुद्दा. फलकावर ९० मिनिटं लिहिलं आणि खरी ५५ असतील, तर लोक पास घ्यायला वळतात. ही चूक असो वा सोय, तिचा फायदा पार्कालाच होतो, म्हणून ती नुसती चूक म्हणून सोडून देता येत नाही. मोजायची पद्धत सोपी आहे. दर अर्ध्या तासाने रांगेतल्या सगळ्यात मागच्या माणसाला एक लाल कार्ड द्या, मागे वेळ लिहून: ११.३०. स्टेशनात ऑपरेटर ते परत घेतो, शेजारी लिहितो: १२.२२. वजाबाकी ५२ मिनिटं. ते फलकावर. प्रत्येक राइडला दिवसाला पंधरा-सोळा कार्डं पुरतात. फलक आणि कार्ड यांत दहा मिनिटांहून जास्त फरक पडला तर त्या तासाला पासाची विक्री थांबवा.

आपल्या संघटनेने सगळ्या सदस्य पार्कांसाठी हा नियम एकदम करावा, म्हणजे 'शेजारचा विकतो म्हणून आम्हीही विकतो' ही अडचण राहणार नाही. सुरुवात छोटी चालेल. येत्या दिवाळीच्या सुट्टीतला एक रविवार, प्रत्येक पार्कात एकच राइड, दोन काउंटर, सोळा लाल कार्डं आणि मर्जवर डोळ्यांच्या उंचीला एक पाटी: 'दर फेरीला एक्स्प्रेस ५, नेहमीची रांग २०. आत्ताची वेळ, एक्स्प्रेस १० मिनिटं, नेहमीची ५२ मिनिटं.' त्या दिवशीची वही संघटनेकडे पाठवा. आकडे तपासायला, तक्ते लावायला आणि कर्मचाऱ्यांना दोन तासांचं प्रशिक्षण द्यायला आम्ही विनामोबदला येऊ.

आपले,
राइड-संचालन आणि रांग-नियोजनाचं काम करणारे काही जण